वरच्यांचा वाटा

आत्याला आत्या म्हणायचा खरा हक्क एकाच माणसाला होता, तो म्हणजे तिच्या भाच्याला. पण बाई एकदा आत्या झाली की जगाचीच होते. खालच्या बाजारातला मीठवाला तिला आत्या म्हणायचा, लोकर घ्यायला येणारा दलाल आत्या म्हणायचा, आणि राखीव जंगलाच्या कचेरीतला शिपाई, जो तिच्याहून चार वर्षांनी मोठा होता, तोसुद्धा आत्याच म्हणायचा. "अरे मेल्या, तुझ्या बापाची मी बहीण लागते का?" असं ती त्याला दर खेपेला विचारायची, आणि तो दर खेपेला "बसा आत्या" म्हणून बाक पुढे सरकवायचा.

बाई उंचीनं बेताची, अंगानं काटक, आणि तोंडाबद्दल न बोललेलं बरं. नाकावर माशी बसू द्यायची नाही. मेंढ्यांशी बोलताना मात्र तोच आवाज इतका मऊ व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही दुसरीच कुणी बाई आहे. दलाल एकदा हसत म्हणाला, "आत्या, आमच्याशीही कधी असं बोला की." तर म्हणाली, "चार पायांवर चालायला लाग, मग बघू."

नऊ वर्षांची असल्यापासून ती बापाबरोबर डोंगरावर जायची. बर्फ वितळलं की कळप घेऊन वरच्या कुरणावर, थंडी पडली की खाली. मधे एकदा लग्नही झालं. नवऱ्याचं बाजारात भांड्यांचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या, खिडकी उघडली की हातभर अंतरावर समोरच्या घराची भिंत. माणूस वाईट नव्हता हो. आत्या स्वतःच सांगायची, "बिचारा साधा होता, मीच त्याला जड गेले." चार महिन्यांनी ती माहेरी आली ती आलीच. कोपऱ्यातली काठी उचलून बापानं तिच्या हातात दिली आणि दोघं मेंढ्या सोडायला गेले.

बापानं तिला सगळं शिकवलं. खूर कसा तासायचा, पोटात आडवं आलेलं कोकरू हात घालून कसं फिरवायचं, आणि मीठ कसं द्यायचं. मेंढ्यांना दर आठ-दहा दिवसांनी मीठ लागतं. नाही मिळालं तर माती चाटतात, एकमेकींची लोकर चघळत बसतात. कुरणावर सपाट दगडांची एक रांग होती. तिच्यावर खडेमीठ मांडायचं आणि बाजूला व्हायचं. दुपारपर्यंत कळप चाटून चाटून खडे गुळगुळीत करायचा. मग उरलेले खडे पिशवीत भरून बाप ओढा ओलांडायचा आणि पार कड्याच्या पायथ्याशी जायचा, जिथे रानशेळ्या उतरायच्या. तिथल्या दगडांवर ते खडे ठेवून यायचा. याला तो म्हणायचा, वरच्यांचा वाटा. "त्यांच्या डोंगरावर आपण चार-चार महिने चरतो. त्यांना एवढं तरी नको?"

नवा खडा ठेवला तर रानशेळ्या नुसता हुंगून सोडून द्यायच्या. चाटलेला मात्र संपवायच्या. बाप म्हणायचा, नव्या खड्याला गोणीचा वास येतो, चाटलेल्याला जनावराचा. आत्यानं स्वतः दोन्ही ठेवून पाहिलं होतं, बापाचं खरं होतं. पुढे बाप गेला, मग भाऊ दरडीवरून घसरला आणि तोही गेला, पण वरच्यांचा वाटा एकदाही चुकला नाही.

भावाच्या मागे वहिनीनं दुसरा घरोबा केला. आत्यानंच तिला "जा गं बाई, तुझं वय आहे अजून" म्हणून पाठवलं. सहा वर्षांचा भाचा आत्याकडे राहिला. उन्हाळाभर तो मिठाची पिशवी डोक्यावर घेऊन तिच्यामागून कड्यापर्यंत जायचा, हिवाळाभर शाळेत. शिकला, परीक्षा दिली, आणि राखीव जंगलात वनरक्षक म्हणून लागला. पहिल्या दिवशी गणवेश घालून दारात उभा राहिला, तर ही म्हणते, "अगं बाई, कुणाला धरायला आले हे फौजदार?" आणि लगेच आत वळून चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून पदरानं पुसत बसली. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती.

मग यायचं ते आलंच. त्या जातीच्या रानशेळ्या आता या एकाच डोंगरावर उरल्या होत्या, आणि त्याही अवघ्या सव्वीस. त्यांना जपायला म्हणून वरचं कुरण बंद झालं. बाकीच्या मेंढपाळांनी कळप विकले, कुणी खाली गाडी चालवायला लागला, कुणी मुलाकडे राहायला गेला. आत्या कचेरीच्या बाकावर जाऊन बसली ती हलेना. भाच्यानं तिच्यासाठी जिवाचं रान केलं. शेवटी एक कागद निघाला: आत्या हयात आहे तोवर तिनं साठ मेंढ्या कुरणाच्या खालच्या अर्ध्या भागात चाराव्यात, ओढ्यापलीकडे एकही पाय पडता कामा नये, तिच्यामागे परवाना संपला. खाली जबाबदार म्हणून सही भाच्याची. ओढ्याच्या काठानं दगडांना पांढरा रंग फासला गेला.

"रेघ छान मारलीत," आत्या कचेरीतल्या साहेबांना म्हणाली, "आता माझ्या मेंढ्यांना ती वाचायलाही शिकवा."

साहेब हसले. पण शिकवलं आत्यानंच. तीन उन्हाळे ती ओढ्याकाठी डोळ्यांत तेल घालून उभी राहिली. पाय पुढे टाकणारीच्या तोंडासमोर काठी, मागे वळणारीला पाठीवर हात. चौथ्या उन्हाळ्यात मेंढ्या पांढऱ्या दगडापाशी आपण होऊन वळू लागल्या. कचेरीतले लोक बघायला यायचे, पाहुण्यांना आणून दाखवायचे. आत्याला याचा काय अभिमान! एरवी स्वतःचं कौतुक न करणारी बाई, पण "माझ्या साठांतली एक जरी पलीकडे दिसली ना, तर नाव बदलीन" हे तिचं ठरलेलं वाक्य.

मीठ ती अजूनही वर नेऊन ठेवायची. कागदात मेंढ्यांचं लिहिलं होतं, तिचं कुठे काय लिहिलं होतं? भाच्याला ठाऊक होतं. तो एकदा म्हणालाही, "आत्या, साहेबांना कळलं तर ओरडतील." "ओरडू देत. मुक्या जनावराच्या तोंडचं काढू का?" त्यालाही त्यात वाईट काही दिसलं नव्हतं, आणि खरं सांगा, तुम्हाआम्हाला तरी दिसलं असतं का?

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढ्यांना सर्दी झाली. दोन-तीन दिवस नाकं वाहिली, शिंकल्या, खोकल्या आणि बऱ्या झाल्या. असं दर दोन-चार वर्षांनी होतच असतं. आत्यानं त्यांना आडोशाला ठेवलं, मिठाचा दिवस आला तेव्हा मीठ मांडलं, उरलेलं वर नेऊन ठेवलं.

तीन आठवड्यांनी भाचा पहिली रानशेळी खांद्यावर घालून खाली आला. मेलेली. आत्यानं कान पाहिला आणि लगेच ओळखलं. "फाटक्या कानाची रे ही. गेल्या वर्षी हिला जुळं झालं होतं." त्यानंतर दर एक-दोन दिवसांनी एक. नाकातोंडातून फेस, बरगड्या वर आलेल्या. आत्या प्रत्येकीला ओळखत होती. अकरावी आली तेव्हा ती ओळखायची थांबली, नुसती तोंड फिरवून उभी राहायची.

शहरातून जनावरांची डॉक्टर आली. तिशीची मुलगी, दिवसभर जंगलाच्या चौकीच्या ओसरीत फळी टाकून मेलेल्या शेळ्या उघडून बघायची, बाटल्यांत तुकडे भरायची. आत्या तिला दूध आणि भाकरी नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "पोरी, हात धू आधी, मग खा." डॉक्टरीणबाईंना ही म्हातारी आवडली. महिनाभरात एकोणीस शेळ्या गेल्या. उरल्या सात.

एका दुपारी डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "आत्या, रोग कळला. फुप्फुसाचा आहे. मेंढ्यांकडून येतो. पाळीव मेंढीला दोन दिवसांची सर्दी होते, बरी होते, पण रोग अंगात राहतो. रानशेळीला तो लागला की ती वाचत नाही."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या मेंढ्या ओढा ओलांडत नाहीत! सगळ्या जगाला माहीत आहे!"

"मलाही माहीत आहे. तुमच्यावर कुणाचा संशय नाही. साहेब तर म्हणाले, आत्याच्या मेंढ्या तपासायचीही गरज नाही." डॉक्टरीणबाई जरा अडखळल्या. "तुम्हाला सांगितलं नाही वाटतं त्यांनी? तुमच्या भाच्यानं लेखी दिलंय. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते चार दिवस गस्तीवर गेलेच नव्हते. तेवढ्यात खिंडीपलीकडून एक परका कळप आत घुसला, त्यांनी नंतर पावलं पाहिली आणि दडपून ठेवलं. सोमवारी त्यांना कामावरून काढतायत. माणूस भला आहे हो, पण चूक फार मोठी झाली."

आत्याला काही पटेना. गस्तीवर गेला नव्हता? त्या आठवड्यात रोज पहाटे तो तिच्याच दारावरून जात होता, तिनंच त्याच्या खिशात खारवलेले दाणे कोंबले होते. परका कळप आला असता तर तिच्या मेंढ्यांनी कोसभरावरून कान टवकारले असते. पोरगं धडधडीत खोटं बोललं होतं. आणि कशासाठी, तर स्वतःची नोकरी घालवण्यासाठी?

"तो कळप शोधायला हवा," डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. "नाहीतर पुढच्या वर्षी या सातही जातील. पण मला एक कळत नाही. नुसतं कुरणातून गेल्यानं इतक्या पटकन सगळ्यांना कसं लागलं? असा रोग लाळेतून, शेंबडातून पसरतो. सगळ्यांचं तोंड एकाच जागी लागलं असलं पाहिजे. पाणी म्हणावं, तर ओढा वाहता आहे..."

आत्यानं दुधाचं रिकामं भांडं उचललं. "येते मी," एवढंच म्हणाली. दहा पावलं गेली असेल नसेल, भांडं तिच्या हातातून पडलं. डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, पण ती वळली नाही.

ती तडक ओढा ओलांडून कड्याखाली गेली. दगड मोकळे होते. पाच दिवसांपूर्वी तिनं ठेवलेले खडे नव्हते. पण एका दगडापाशी या वर्षीचं पिल्लू उभं होतं. आई नव्हती. त्याच्या नाकाला अजून पाणी नव्हतं, डोळे स्वच्छ होते, आणि ते उघडा दगडच मन लावून चाटत होतं. आत्याला पाहून ते पळालं नाही. कशाला पळेल? तिच्या पावलांचा आवाज त्या कड्यावर पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा होता.

"हट्! हट् मेल्या! जा!" आत्या ओरडली. ते बघतच राहिलं. मग आयुष्यात जनावरावर कधी हात न उगारलेल्या त्या बाईनं खाली वाकून गोटा उचलला आणि त्याच्यावर भिरकावला. एक चुकला, दुसरा लागला. पिल्लू कड्यावर चढून दिसेनासं झालं. आत्या हमसून हमसून रडली, मग उठून ओढ्याचं पाणी डब्यानं आणून आणून तिनं ते दगड घासले. सूर्य कलेपर्यंत घासत होती. बोटांची सालं निघाली.

तिथून ती भाच्याच्या खोलीवर आली. चौकीमागची एक खोली, एक खाट, एक मोरी. गणवेश धुऊन, घडी करून खाटेवर ठेवलेला, आणि भाचा पत्र्याच्या पेटीत कपडे भरत होता. आत्याची ओली बाही आणि रक्ताळलेली बोटं पाहून तो काय ते समजला.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"पहिली सापडली तेव्हाच. दगडाला टेकूनच पडली होती. अर्धा खडा शिल्लक होता, आणि मला मेंढ्यांची सर्दी आठवली. मी खिशात टाकला."

"आणि नंतर मी ठेवले ते?"

"तू खाली उतरलीस की मागून जाऊन उचलायचो. पण उशीर झाला होता, आत्या."

"अरे, मग मला का नाही सांगितलंस? मी ठेवत राहिले ना! महिनाभर ठेवत राहिले!"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच पावली कचेरीत गेली असतीस." तो पेटीच्या झाकणावर हात ठेवून उभा होता. "मग त्यांनी मेंढ्या तपासल्या असत्या. रोग निघाला की एकही ठेवत नाहीत, मला नियम पाठ आहेत. मी काय, तरुण आहे, कुठेही पोट भरीन. तुला साठ मेंढ्यांशिवाय आहे काय? तू मेलीस तरी चालेल, पण मेंढ्या गेल्या तर तू जगणार कशी?"

वाक्य उलटसुलट झालं, पण आत्याला बरोबर कळलं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो तिच्याहून दीड वीत उंच, त्याला मान वाकवावी लागली. "जेवलास का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "नाही." तिनं त्याला खिचडी टाकून दिली, तो जेवेपर्यंत समोर बसली आणि मग घरी गेली.

सकाळी शिपाई कचेरी उघडायला आला तेव्हा आत्या पायरीवर बसलेली. तो "बसा आत्या" म्हणाला. तिनं त्याला उलटून काही विचारलं नाही. तेव्हाच तो घाबरला.

साहेबांच्या खोलीत भिंतीवर डोंगराचा नकाशा होता आणि त्यात सात टाचण्या. काढलेल्या एकोणीस टेबलावर वाटीत पडल्या होत्या. आत्या उभ्यानंच बोलली. मीठ, चाटलेले खडे, पिशवी, कड्याखालचे दगड, सगळं. भाच्यानं खोटं लिहून दिलंय हेही. साहेबांनी पेन उचललं आणि परत ठेवलं.

"पण का, आत्या? मेंढ्यांना तीन वर्षं शिकवलंत, ओढा ओलांडू दिला नाहीत, आणि स्वतः..."

"मला वाटलं, त्यांना आवडतं." आत्या म्हणाली. "त्यांना आवडायचं हो साहेब. त्या वाट बघत उभ्या राहायच्या."

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसून होत्या. त्या उठून खिडकीपाशी गेल्या.

मेंढ्यांच्या नाकातले नमुने शहरात गेले. साठांपैकी त्रेचाळीस रोगी निघाल्या. उरलेल्या सतरा आज नाहीत तर उद्या. औषध नाही. हुकूम आला. भाच्याची नोकरी राहिली. खोटं लिहून दिलं म्हणून एक ठपका बसला, तेवढाच. आत्याला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, तिला निदान भांडता आलं असतं.

ठरलेल्या दिवशी डॉक्टरीणबाई, दोन मदतनीस आणि भाचा कुरणावर आले. आत्याला त्यांनी खाली राहायला सांगितलं होतं. ती राहिली नाही, पण लांब आपल्या दगडी खोपटाच्या दाराशी बसली, तोंड भिंतीकडे करून. तासभर गेला. मदतनीस एका बाजूनं गेले की कळप दुसऱ्या बाजूला फुटायचा. मेंढ्यांना परके हात कळतात. भाच्यालाही जवळ येऊ देईनात; त्याच्या अंगाला त्या लोकांच्या औषधाचा वास येत होता. दोन मेंढ्या दरडीवर चढल्या, एक घसरता घसरता वाचली, आणि कळप भेदरून पांढऱ्या दगडांपर्यंत गेला. तिथे मात्र थांबला. ओढ्यात एकीनंही पाय घातला नाही. भाच्यानं ते पाहिलं आणि तो खालीच बसला.

शेवटी डॉक्टरीणबाई खोपटाशी आल्या. "आत्या, अशा पळत राहिल्या तर कड्यावरून पडतील. हातपाय मोडून मरतील. मला सांगवत नाही, पण..."

"मला कळलं," आत्या म्हणाली आणि उठली.

ती मेंढवाड्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली. खाकरली, थुंकली, आणि मग रोजच्यासारखी हाक दिली, "हो-या! हो-या गं! चला बायांनो, चला!" तोच आवाज, मऊ. कळपानं माना वर केल्या. म्हातारी मेंढी पुढे, तिच्यामागे काळ्या तोंडाची काजळी, मग सगळ्या, उतारावरून धावत, आत्याच्या पायाला घासत आत शिरल्या. मग ती एकेकीला मानेखाली हात घालून धरत गेली, आणि डॉक्टरीणबाई सुई टोचत गेल्या. प्रत्येकीचं नाव घेतलं आत्यानं. घाई केली नाही, एकीलाही मधेच सोडलं नाही. दुपार टळली तेव्हा तिच्या हाताखाली कुणी उरलं नव्हतं.

मदतनीस बाजूला झाले. भाचा आला, तिचे हात डब्यातल्या पाण्यानं त्यानं स्वतः धुतले, ती लहान मुलासारखी धुवून घेत राहिली. "चल आत्या," तो म्हणाला, "माझ्या खोलीवर चल. आता तिथेच राहायचं."

तिनं मान हलवली आणि चार पावलं त्याच्याबरोबर चालली. मग थांबली. रडत नव्हती, काहीतरी न समजल्यासारखी त्याच्याकडे बघत होती.

"तुम्हाला सगळ्यांना बघून पळाल्या रे," ती म्हणाली. "मी बोलावलं, तर धावत आल्या."